तारेवर सगळे होते

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मला खोटं सांगून काही मिळायचं नाही.

जिच्यावर हे गुदरलं ती माझी सासू, तेक्ला. थापा मारणं तिच्या रक्तात नाही. भुताखेतांचा विषय निघाला की ती समोरच्याला सरळ वेडा म्हणते. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, स्वयंपाकघरात पिरोही, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, भरता भरता. सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

गाव स्टोर्वाल. सस्कॅचेवान नावाच्या थंड प्रांतातलं, माळावरचं. रुळाच्या कडेला धान्याचं उंच कोठार, एक दुकान, एक चर्च आणि पाचपंचवीस घरं. बाकी नुसतं आभाळ.

महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. फेब्रुवारीतली रात्र...

रात्र कसली, दुपार कलली होती नुसती. पण वादळात दुपार काय आणि मध्यरात्र काय, दोन्ही सारखीच. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत.

तेव्हाचे फोन भिंतीवरचे, लाकडी पेटीचे, हँडल फिरवायचे. अख्खं गाव एकाच तारेवर. प्रत्येक घराची घंटी वेगळी. तेक्लाची दोन लांब, एक आखूड. पण ती वाजायची सगळ्यांच्या घरी. मग काय, कुणाला फोन आला हे गावभर कळायचं, आणि हळूच रिसीव्हर उचलून ऐकायला कुणाचं काय जातं? सगळे ऐकायचे. कबूल मात्र कुणी करायचं नाही. कुणी उचललं की तारेवर 'खट्' असा बारीक आवाज यायचा. जितके जास्त कान, तितका बोलणाऱ्याचा आवाज क्षीण होत जायचा. त्यावरून बायका बरोबर ओळखायच्या, आज कितीजणी फुकटचं नाटक ऐकताहेत ते.

एक घंटी मात्र सगळ्यांची होती. एकच, लांबलचक, न थांबणारी. ती म्हणजे आग, अपघात किंवा वादळात अडकलेलं माणूस. ती वाजली की हातातलं टाकून उचलायचं.

तेक्लाला या गावात आणलं ते तिच्या थोरल्या बहिणीने. युस्तिना तिचं नाव. ती आधी आली, आर्ने नावाच्या नॉर्वेजियन माणसाशी लग्न करून इथलीच झाली. आर्ने चर्चची घंटा वाजवायचा. घर चर्चला लागूनच. ओढ्यापलीकडे एक शेत स्वस्तात पडून आहे असं युस्तिनानेच कळवलं. घर चांगलं, विहीर चांगली, गोठा चांगला.

"इतकं चांगलं आहे तर रिकामं का?" तेक्लाने तेव्हा विचारलं होतं.

"आधीचे लोक राहिले नाहीत."

"का?"

"तुला घर हवंय की त्यांची कुंडली? गप राहायला ये."

आणि तेक्ला आली. थोरली बहीण सांगतेय म्हटल्यावर कोण शंका घेतो?

त्या दुपारी प्रोकोप, म्हणजे माझे सासरे, गोठ्यात गुरांना चारा टाकायला गेले. तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. घरापासून गोठ्यापर्यंत वादळात धरून चालायला दोर बांधतात. पण आभाळ निळं असताना दोर कोण बांधतो? दोर खुंटीलाच लटकत राहिला.

वारा एकाएकी फिरला.

आधी कोठार दिसेनासं झालं. मग ओढ्याकडची झाडं. मग अंगणातला हातपंप...

मग खिडकीबाहेर काहीच उरलं नाही.

तेक्ला दारात उभी राहून हाका मारू लागली. आवाज तोंडातून निघायचा आणि तिथेच विरायचा. आत बाळ रडत होतं. बाळ म्हणजे माझा नवरा, तेव्हा तीन महिन्यांचा. त्याला टाकून बाहेर जावं तर दोघंही जाणार. न जावं तर प्रोकोप जाणार.

गोठ्यातून परत यायला एवढा वेळ लागत नाही.

तिने दार लावलं. फोनपाशी गेली. हँडल फिरवलं आणि फिरवतच राहिली. एकच लांब घंटी.

मग रिसीव्हर कानाला लावला.

खट्.

खट्... खट्...

तिचा जीव भांड्यात पडला. उचलताहेत. सगळे उचलताहेत. एकामागोमाग एक आवाज येत गेले. तार जड होत गेली.

"मी तेक्ला," ती म्हणाली. "ओढ्यापलीकडून. प्रोकोप बाहेर अडकलाय. चर्चची घंटा वाजवा. घंटा ऐकली तर त्याला दिशा कळेल. ऐकताय ना?"

कुणी बोललं नाही.

तिला वाटलं, आपला आवाज पोचला नाही. ती पुन्हा बोलली. यावेळी ओरडून.

शांतता.

पण ती रिकामी शांतता नव्हती...

कुणाचा तरी श्वास येत होता, घरघर करत. तो दमा पाद्रीबाबांचा. मागे कुठे तरी पिवळा पक्षी किलबिलत होता. तो दुकानवाल्या हेगेबाईंचा. पिंजरा फोनच्या शेजारीच टांगलेला, गावात सगळ्यांना माहीत. एका घरात चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. हळूच, चोरून ठेवल्यासारखा.

आणि त्या सगळ्यांच्या मागे एक घड्याळ. टिक... टिक-टिक. टिक... टिक-टिक. लंगडत चालणारं. आईचं घड्याळ. माहेराहून बोटीतून आणलेलं. थोरली म्हणून ते युस्तिनाला मिळालं होतं.

तेक्लाने भाषा बदलली. इंग्रजी सोडून ती आपल्या भाषेत बोलली, घरात बोलतात ती. गावात ती भाषा दोघी बहिणींनाच यायची.

"युस्ता. मला ठाऊक आहे तू आहेस. घड्याळ ऐकू येतंय मला. आर्नेला सांग ना गं. घंटा फक्त. तुमच्या दारातच तर आहे. मी तुझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागणार नाही."

टिक... टिक-टिक.

"युस्ता, बाळ आहे गं माझ्या जवळ."

घड्याळ चालत राहिलं. जवळ कुणी तरी श्वास रोखला. तेवढंच.

माझी सासू रडणाऱ्यांतली नाही. पण हे सांगताना तिच्या हातातली पिरोही उकलली होती. ती म्हणाली, "माणसं नसती तर मी देवाचं नाव घेतलं असतं. पण माणसं होती. सगळं गाव माझ्या कानाशी उभं होतं. आणि तोंडात मिठाची गुळणी धरून उभं होतं."

रिसीव्हर ठेवून द्यावा म्हणून तिने हात खाली केला...

तेवढ्यात कुणी तरी बोललं.

"मी ऐकतेय, बाई."

बाईचा आवाज. वयस्क. नॉर्वेजियन लोकांसारखा हेल काढून बोलणारा. आवाज फार जवळून येत होता. इतके जण तारेवर असताना आवाज बारीक यायला हवा. हा तसा नव्हता. शेजारी बसून बोलावं तसा होता.

"माणूस कुठे गेला?"

"गोठ्यात."

"दारात उभी राहून ओरडलीस?"

"हो."

"ते बंद कर. दारातला आवाज वारा मागच्या माळावर घेऊन जातो. मी तेच करत बसले होते." बाई म्हणाली. "कोठीची खिडकी उघड. तुझा माणूस वाऱ्यापुढे ढकलला गेला असेल, जुन्या कुंपणाकडे. लोखंडाचं काही तरी घे आणि बडव. हात दुखला तरी थांबू नको."

"घंटा... घंटा वाजवाल का?"

"ते वाजवणार नाहीत," बाई म्हणाली. रागाने नाही. रोजचंच काही सांगावं तसं. "तू जा. बडव."

तेक्लाने रिसीव्हर तसाच लोंबता सोडला. कोठीची खिडकी उघडली. बर्फ भसकन आत आला. तिने चुलीवरचं लोखंडी झाकण उचललं आणि सळईने बडवायला सुरुवात केली. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. तळहात फुटले. बाळ रडून रडून गप्प झालं, आणि त्या गप्प होण्याने ती जास्त घाबरली. तरी थांबली नाही.

अखेर खिडकीखाली काही तरी आपटलं.

पांढरा ढिगारा. त्याला हात होते.

तिने प्रोकोपला खिडकीतूनच आत ओढलं. पाय लाकडासारखे झाले होते. भुवया गोठलेल्या. पण श्वास चालू होता. तिने त्याला चुलीपाशी लोळवलं, बाळाला त्याच्या छातीवर ठेवलं, वर गोधडी टाकली. मग तिची नजर फोनवर गेली. रिसीव्हर अजून लोंबत होता.

तिने तो कानाला लावला. त्या बाईचे आभार मानायचे होते.

श्वास तसेच होते...

दमा तसाच. पक्षी तसाच. टिक... टिक-टिक.

एवढा वेळ सगळे तसेच उभे होते. ती लोखंड बडवत असताना, खिडकीतून नवऱ्याला ओढत असताना, सगळं ऐकत.

"आला," तेक्ला म्हणाली. "माझा माणूस आला."

कुणी "बरं झालं" म्हटलं नाही.

खट्. खट्. एकेक रिसीव्हर खाली गेला. घड्याळवालं घर सगळ्यात शेवटी.

वादळ दोन दिवसांनी थांबलं. आणि मग बघा गंमत. गाव फावडी घेऊन हजर. कुणी कोळसा आणला, कुणी केक आणला, कुणी कोंबडीचं सूप. पाद्रीबाबा बाळाच्या डोक्यावर हात ठेवून धापा टाकत प्रार्थना करून गेले. प्रोकोपला स्लेजवर घालून स्टेशनवर नेलं, तिथून शहरात. डाव्या पायाची सगळी बोटं काढावी लागली. गुरांचं दूध काढायला रोज कुणी ना कुणी येत होतं. माणसं वाईट नव्हती हो. हाच तर सगळा घोळ आहे.

तेक्लाने दुकानात जाऊन सगळ्यांसमोर विचारलं. "त्या दिवशी फोनवर मला उत्तर दिलं ती बाई कोण? मला तिचे पाय धरायचेत."

हेगेबाई साखर तोलत होत्या. पावशेराची अर्धा शेर झाली तरी हात थांबेना.

"कुठला फोन? त्या दिवशी तार तुटली होती, तेक्ला."

"तुटली होती?"

"दुपारपासूनच. सगळ्यांचेच फोन बंद होते. विचार हवं तर." मागे उभ्या असलेल्या तिघाचौघांनी माना डोलावल्या. इतक्या एकसाथ, की चर्चमध्येसुद्धा कधी डोलवत नाहीत.

"मग तुमचा पक्षी मला कसा ऐकू आला?"

हेगेबाईंनी पुडी बांधली. "पैसे पुढच्या वेळी दिलेस तरी चालतील," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

तेक्ला तिथून सरळ बहिणीकडे गेली. आर्ने कोठारावर होता. युस्तिना टेबलाशी बटाटे सोलत होती. भिंतीवर आईचं घड्याळ लंगडत होतं.

"तार तुटली होती का गं?" तेक्लाने विचारलं.

युस्तिनाने सुरी खाली ठेवली. थोरल्या बहिणीने धाकटीला खोटं सांगायचं म्हटलं तरी काही मर्यादा असते. तिचं तोंड कसंनुसं झालं.

"बस," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं.

तेक्लाच्या घरात आधी सिग्ने नावाची बाई राहायची. नवऱ्यासोबत. ती फोन ऐकायची. ऐकायचे सगळेच, पण सिग्ने ऐकलेलं दुसरीकडे सांगायची. हिचं तिला, तिचं हिला. दोन सोयरिकी मोडल्या, सख्खे भाऊ कोर्टात गेले. मग गावाने ठरवलं, हिला धडा शिकवायचा. सिग्ने तारेवर आली की सगळ्यांनी गप्प बसायचं. तिला कितीही बोलू दे, हाक मारू दे, उत्तर द्यायचं नाही. ठेवायचंही नाही. नुसतं ऐकत राहायचं, तिला कळू दे कसं वाटतं ते. पोरकटपणा. चार दिवस सगळ्यांना मजा वाटली.

आणि मग वादळ आलं. सिग्नेचा नवरा बाहेर अडकला. तिने एक लांब घंटी दिली.

"उचलले का?" तेक्लाने विचारलं.

"सगळ्यांनी उचलले."

"मग?"

"प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी बोलेल. आधी कोण बोलणार? जो बोलेल तो सगळ्या गावाच्या विरुद्ध जाणार. आणि एकदा गप्प राहिलं ना तेक्ला, की मग बोलणं अवघड होत जातं. काय म्हणून बोलायचं? इतका वेळ कुठे होतो म्हणायचं?"

शेवटी सिग्ने स्वतःच बाहेर पडली. बर्फ वितळल्यावर दोघंही जुन्या कुंपणाला सापडली. एकमेकांपासून फार लांब नव्हती.

तेव्हापासून मोठं वादळ आलं की घंटी वाजते. एक लांब. त्या रिकाम्या घरातून. ती सगळ्यांना नावं घेऊन विचारते. एका वर्षी नवीन शाळामास्तर आला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो बोलला. "येतो," म्हणाला आणि कंदील घेऊन निघाला. त्याचा कंदील सापडला. त्या दिवसापासून नियम झाला. उचलायचं, नाही तर ती सकाळपर्यंत वाजत राहते. पण बोलायचं नाही.

तेक्ला ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "हे मला घर दाखवायच्या आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"मला कुणी नव्हतं गं इथे. आपलं म्हणून कुणी नव्हतं."

म्हणजे स्वतःला सोबत हवी म्हणून धाकट्या बहिणीला त्या घरात नेऊन टाकलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

"तरी ते जाऊ दे," तेक्ला म्हणाली. "गावाला वाटलं, सिग्नेच माझं नाव सांगून बोलतेय. तुम्ही घाबरलात. ठीक. पण मी नंतर आपल्या भाषेत बोलले, युस्ता. सिग्नेला आपली भाषा येत होती?"

युस्तिनाने सुरी पुन्हा हातात घेतली.

"येत होती का?"

"नाही."

"मग तुला कळलं होतं ती मी आहे."

घड्याळ वाजत होतं. युस्तिनाने एक बटाटा उचलला, पुन्हा ठेवला.

"कळलं होतं," ती म्हणाली. "आर्ने समोर बसला होता. मी एक शब्द बोलले असते, तर तो घंटा वाजवायला उठला असता. अंगण ओलांडायचं होतं फक्त. पण त्या वाऱ्यात अंगणातसुद्धा माणसं गेलीत. माझा माणूस घरात होता, तेक्ला. उबेला बसला होता. मला तो उठायला नको होता."

तेक्ला उठली. शाल घेतली. दारापाशी वळली.

"मी असते तर बोलले असते."

"हो," युस्तिना म्हणाली. "बोलली असतीस."

मग तिने विचारलं, "तू मधेच कुणाशी बोलत होतीस गं?"

"त्या बाईशी. मला सांगत होती ना, खिडकीशी जा म्हणून."

युस्तिनाचा चेहरा उतरला.

"कुणी बोललं नाही, तेक्ला. तू एकटीच बोलत होतीस. मधे मधे थांबत होतीस... कुणाचं ऐकून घ्यावं तशी."

त्यानंतर दोघी बहिणी कित्येक महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण स्टोर्वालमध्ये न बोलता किती दिवस काढणार? जाणार कुठे? पुढच्या शरद ऋतूत चर्चच्या तळघरात गावजेवण होतं. दोघींना एकाच टेबलावर बटाटे कुस्करायला बसवलं. युस्तिना म्हणाली, "मीठ दे." तेक्लाने दिलं. झालं, तेवढ्यावर संसार पुढे सुरू.

प्रोकोपला आता शेती झेपेना. कोठारावर वजनं घ्यायचं काम मिळालं. ते कुटुंब ओढ्यापलीकडचं घर सोडून गावात राहायला आलं. ते घर पुन्हा रिकामं झालं. फोनची पेटी तेवढी काढून त्यांनी गावातल्या घरी लावली, चुलीच्या अगदी जवळ. तिकडे भिंतीवर नुसता चौकोनी डाग राहिला.

प्रोकोप बदलला होता. आधीही तो साधाच माणूस, पण आता त्याने एक गोष्ट मनाशी धरली होती. आपण मरणातून परत आलो ते कुणी तरी उत्तर दिलं म्हणून. कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. तेक्लाने सांगितलं नव्हतं. पण तो सगळ्यांना म्हणायचा, "वादळात हाक आली की मी जाणार. पाय असो वा नसो." काठी टेकत टेकत म्हणायचा. लोक कौतुकाने हसायचे. तेक्ला हसायची नाही.

एक हिवाळा सौम्य गेला.

त्याच्या पुढच्या वर्षी जानेवारीत वारा फिरला. दुपारीच. आधी कोठार दिसेनासं झालं...

तेक्ला चुलीवर चहाची किटली ठेवत होती. बाळ आता पळायला लागलं होतं, टेबलाखाली खेळत होतं. प्रोकोप खिडकीशी बसला होता.

घंटी वाजली.

एक लांब. न थांबणारी.

प्रोकोप ताडकन उठला. फोनकडे गेला नाही, सरळ खुंटीवरच्या कोटाकडे गेला. "उचल, उचल," म्हणाला. "कोण आहे विचार. मी कोट घालतो तोवर."

तेक्लाने उचललं.

खट्... खट्... सगळे होते. दमा. पक्षी. टिक... टिक-टिक.

"माझा माणूस बाहेर आहे," एक बाई म्हणत होती. "घंटा वाजवा कुणी तरी. फक्त घंटा."

आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. हेल तोच. तितकाच जवळचा. याच आवाजाने तिला खिडकीशी पाठवलं होतं. सगळ्या गावात हा एकच आवाज तिच्यासाठी बोलला होता.

तिच्या ओठांवर शब्द आला होता. 'मी ऐकतेय.' एवढंच तर म्हणायचं होतं.

"कोण आहे गं?" मागून प्रोकोपने विचारलं. त्याचा एक हात कोटाच्या बाहीत गेला होता. दुसऱ्या हाताने तो काठी शोधत होता. "कुणाचा माणूस?"

तेक्लाने त्याच्याकडे पाहिलं. त्या अर्ध्या पायाकडे पाहिलं.

मग पेटीच्या तोंडावर हात ठेवला. "कुणी नाही," ती म्हणाली. "लाइन खराब आहे. बस खाली."

तो बसला. बायकोच्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

तिने हात काढला. बाई अजून बोलत होती. एकेकाचं नाव घेत होती. पाद्रीबाबांचं. हेगेबाईंचं. युस्तिनाचं. प्रत्येक नावानंतर थांबत होती, वाट बघत होती. मग पुढचं नाव.

चुलीवर किटली उकळली. बारीक शीळ घालू लागली.

तारेवरचा आवाज मधेच थांबला...

"तेक्ला?" बाई म्हणाली. "तू आहेस ना? किटली वाजतेय तुझी."

तेक्लाने हात लांब केला. आवाज न करता किटली चुलीवरून उचलली. खाली ठेवली.

शीळ थांबली.

पलीकडची बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग ती पुढच्या घराचं नाव घेऊ लागली. तेक्ला रिसीव्हर कानाला लावून शेवटपर्यंत उभी राहिली. कुणीच ठेवला नाही, म्हणून तिनेही ठेवला नाही.

माझे सासरे हे न कळताच गेले. गावात आता घरोघरी वेगळे फोन आहेत, ती सामाईक तार कधीच काढून टाकलीय. युस्तिनामावशी आणि सासूबाई अजून दर शरद ऋतूत एकाच टेबलावर बसतात.

त्या वर्षी बर्फ वितळल्यावर कोणी बाई सापडली नाही, की तिचा माणूस. ना ओढ्याकडे, ना रस्त्यावर, ना कुंपणाला. कुठल्या गाडीतून आलेलं, वाट चुकलेलं असंही कुणी नव्हतं. म्हणजे ती सिग्नेच होती, जिवंत बाई नव्हती, असं सासूबाई म्हणतात.

मी काही विचारलेलं नसतं, तरी म्हणतात.